जेरुसलेमला जाऊन झेरॉक्स बघून आलो

हो, खरंच. २०१९ च्या मार्चमध्ये इस्रायल म्युझियममध्ये पोचलो ते बाकी सगळं सोडून सरळ ‘श्राइन ऑफ द बुक’ मध्येच घुसलो. डेड सी स्क्रोल्स म्हणजे मृत समुद्राकाठी सापडलेल्या ज्यू पोथ्या इथे ठेवल्यात, आणि त्या मातीच्या रांजणात सापडल्या म्हणून बिल्डिंगचा पांढरा घुमटसुद्धा रांजणाच्या झाकणासारखा. आत अंधार, बोगद्यासारखी वाट, आणि मधोमध काचेत गोल फिरवलेली यशयाची (बायबलमधल्या एका संदेष्ट्याची) पोथी, सव्वासात मीटरहून लांब, २१०० वर्षांपूर्वीची. दहा मिनिटं अंगावर काटा घेऊन उभा होतो, मग बायकोने पाटी वाचली, की ही हुबेहूब नक्कल आहे!

मूळ पोथी आधी तिथेच होती म्हणे, पण चामड्याला तडे जायला लागले म्हणून काढली. बाजूच्या कपाटांत खरे तुकडे असतात, तेही आळीपाळीने, काही महिन्यांनी परत अंधारात आराम करायला जातात. आणि उजेड इतका कमी की काळपट चामडं सोडून मला फारसं काही दिसलं नाही.

तेवढ्यात शाळेची ट्रिप आली. एक आठ-दहा वर्षांचा पोरगा काचेला नाक लावून त्या नकलेतलं मोठ्याने वाचायला लागला, अडखळत, पण वाचत होता! हिब्रू अक्षरं तीच ना अजून. मी अलिबागचा, ही चौकोनी अक्षरं लहानपणी इस्रायल आळीतल्या सिनेगॉगवर रोज बघायचो पण तिथले शनवार तेली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, आपल्यासारखंच मराठी बोलायचे, त्यामुळे ही कुठलीतरी जिवंत भाषा आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मृत समुद्राकाठच्या कुमरानला गेलो. वाटेत समुद्रसपाटीची पाटी लागते आणि त्यानंतरही बस खालीच उतरत राहते. तिथे बाकी काही नाही, ऊन, पडक्या भिंती आणि घळीपलीकडे गुहा नंबर चारची काळी भोकं. १९४७ च्या सुमारास इथल्याच एका गुहेत बदाऊनी (भटक्या अरब) गुराख्यांना पहिल्या पोथ्या मिळाल्या, त्या बेथलेहेमच्या एका चांभाराच्या दुकानातून बाजारात आल्या. पुरातत्त्वाचे प्रोफेसर सुकेनिक त्यातल्या दोन घ्यायला बसने बेथलेहेमला गेले तो दिवस २९ नोव्हेंबर १९४७, त्याच रात्री युनोत पॅलेस्टाइनच्या फाळणीचं मतदान झालं. उरलेल्यांपैकी चार, त्यात ही यशयाची पण, अमेरिकेत पोचल्या आणि १९५४ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ मधल्या छोट्या जाहिरातीतून विक्रीला निघाल्या. जुनी गाडी विकतात तशी! सुकेनिकांच्याच मुलाने, यादिनने, मध्यस्थ घालून अडीच लाख डॉलरला घेतल्या.

गुहा नंबर चारमध्ये मात्र चुरा निघाला, हजारो तुकडे. ते जुळवताना पंडितांनी काय लावलं तर सेलोटेप. ती काढायला नंतर वर्षानुवर्षं गेली. त्याहून राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा, हे तुकडे चाळीसेक वर्षं एका छोट्या गटाच्या ताब्यात होते, बाहेरच्या अभ्यासकाने मागितले तर नाही म्हणायचे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीने आपल्याकडच्या फोटोंची मायक्रोफिल्म सगळ्यांना खुली केली तेव्हा कुठे कुलूप निघालं. मग २०११ मध्ये म्युझियमने गूगलबरोबर पाच पोथ्या नेटवर टाकल्या आणि पुढच्याच वर्षी इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने बाकीच्या तुकड्यांचे फोटो टाकायला सुरुवात केली, इन्फ्रारेडमध्ये काढलेले, त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही वर येतात. फुकट.

घरी आल्यावर आईला टॅबवर यशया दाखवला. सतरा तुकडे एकमेकांना शिवलेत, तिने आधी टाकेच झूम करून बघितले. मग चाळिसाव्या अध्यायापाशी थांबली. तिथे ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे दोनदा येतं, लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला, तो नंतर दुसऱ्या कोणीतरी बारीक अक्षरात ओळीच्या वर आणि समासात उभा घुसवलाय. मला तिथे काचेसमोर उभं राहून हे काहीच कळलं नव्हतं.

आई म्हणाली, “ओळ खाल्लीन की रे मेल्यानं!”