काट्याला न पटलेली पिशवी

महिन्याचा किराणा सेल्फ चेकआउटच्या, म्हणजे आपलं बिल आपणच करायच्या, यंत्रापुढे नेऊच नये. साबण, चहापत्ती, बिस्किटाचे दोन पुडे एवढंच हाती असेल तर मात्र त्याच्यासारखी सोय नाही. शेजारच्या रांगेतल्या काकूंची ट्रॉली अर्धी रिकामी होईस्तोवर आपण बाहेर.

यंत्राला दोनच गोष्टी कळतात, बारकोड आणि वजन. काचेवरून पुडा फिरवायचा आणि शेजारच्या ओट्यावर ठेवायचा. बहुतेक यंत्रांत त्या ओट्याखाली वजनकाटा असतो. यंत्रात त्या वस्तूचं नोंदलेलं वजन आणि काट्यावर वाढलेलं वजन जुळलं तरच गाडी पुढे सरकते. म्हणून घरची कापडी पिशवी मध्येच टेकवली की लाल दिवा लागतो. ‘स्वतःची पिशवी’ असं बटण असेल तर ते पहिल्या वस्तूआधीच दाबावं. वेलदोड्याची ५ ग्रॅमची पुडी कधीकधी काट्याला जाणवतच नाही, आणि ओट्यावर टेकलेला हात लगेच जाणवतो!

खरी अडचण सुट्या मालाची, आणि मोंढ्यावर (धान्याच्या घाऊक बाजारावर) वाढलेल्या मराठवाड्याची खरेदी बरीचशी सुटीच. अर्धापूरची केळी किंवा जालन्याची मोसंबी बारकोड घेऊन येत नाही. फळांच्या विभागातच वजन करून लेबल घ्यावं लागतं. वजन किंवा किंमत त्या कोडमध्येच भरलेली असते, त्यामुळे नंतर दोन केळी वाढवून चालत नाही. लेबल गाठीजवळ लावलं तर सुरकुतीमुळे वाचलं जात नाही. सपाट जागी लावावं. दह्याच्या थंड पिशवीवरचं पाणी आधी पुसावं. तरीही अडलं तर कोडखालचे १३ आकडे हाताने टाकावेत. (सुरुवातीचे ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नव्हे, क्रमांक भारतातून नोंदवलेला, इतकंच.)

इंग्लंडमधल्या बूथ्स या दुकानसाखळीने २०२३ मध्ये बहुतेक शाखांतून ही यंत्रं काढायचं ठरवलं. ग्राहकांना ती संथ आणि बेभरवशाची वाटत होती. आपल्याकडे रोख पैसे देणाऱ्या आजोबांसाठी तरी एक माणसाचा काउंटर हवाच.

यूपीआयने पैसे कापले गेले आणि यंत्र ‘व्यवहार अयशस्वी’ म्हणालं, तर घाईने दुसऱ्यांदा स्कॅन करू नये. व्यवहार क्रमांक मदतनिसाला दाखवावा. दुकानापर्यंत पुष्टी पोचलीच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेकडून मिळते.