मुली ब्वांजी, मामा!

आज चार दिवसांनी नळाला पाणी आलं. गच्चीवरची टाकी वाहायला लागली तसा अर्धी दाढी तशीच ठेवून मोटार बंद करायला पळालो. आई म्हणाली, "मलावीला जायच्या आधी हाका मारून घसा बसायचा माझा!" आफ्रिकेतल्या त्या देशात, एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून वर्षभर हातपंपावर रांग लावली, त्याचा हा परिणाम. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, खाताना मात्र रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणीच आठवायची.

अजून एक खोड लागलीय. तिकडे "मुली ब्वांजी", म्हणजे कसे आहात, विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. (पहिल्या दिवशी 'मुली' ऐकून मीही दचकलो होतो.) आज सोलापुरातल्या सात रस्ता चौकात रिक्षावाल्याला आधी विचारलं, "काय मामा, बरं हाय का?" मामा पाच मिनिटं गुडघ्यांवर बोलले. भाडं तरी दहा रुपये जास्तच लावलं की ओ!