माँत्रोला गेलात तर पुतळ्यापाशीच थांबू नका

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या वेड्यांची पंढरी म्हणजे स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. तिथे बहुतेक जण बँडचा दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या पुतळ्याला गळामिठी घालतात आणि पुढच्या गाडीने परत फिरतात, हे मला बघवत नाही.

पुतळा १९९६ सालचा, ब्राँझचा, सुमारे तीन मीटर उंच. त्याचं तोंड सरोवराकडे आहे, त्यामुळे समोरून फोटो काढला की मागे हॉटेलं येतात. पाणी आणि डोंगर हवे असतील तर पाठीमागूनच काढावा लागतो. क्वीनच्या 'मेड इन हेवन' अल्बमच्या मुखपृष्ठावरही तो पाठमोराच आहे. चेहऱ्यावर ऊन हवं तर संध्याकाळ गाठा. जुलैत जॅझ महोत्सव असतो आणि ५ सप्टेंबरच्या, म्हणजे फ्रेडीच्या वाढदिवसाच्या आसपास चाहते येतात. तेव्हा मोकळा पुतळा मिळणं कठीण, आणि खोल्यांचे भाव विचारूच नका.

जिनिव्हा विमानतळावरून थेट गाडी आहे, साधारण सव्वा तास. उजवीकडची खिडकी धरा, सरोवर त्या बाजूला. शियाँचा किल्ला छान आहे, पण तो सगळेच दाखवतात.

खरं ठिकाण आहे कसिनोच्या इमारतीत. जुना कसिनो डिसेंबर १९७१ मध्ये रॉक संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात जळाला. त्या धुरावरचं डीप पर्पल बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं गिटार हातात घेणारा प्रत्येक जण आधी शिकतो. नव्या इमारतीत माउंटन हा रेकॉर्डिंग स्टुडिओ झाला आणि १९७९ मध्ये क्वीनने तो विकत घेतला. १९८१ मध्ये गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' हे गाणं इथेच जमलं. आता तिथे प्रदर्शन आहे. तिकीट नाही, देणगी द्यायची, ती एड्सविरोधात काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला जाते. एवढ्या महागड्या गावात हे फुकट, तेव्हा देणगीत हात आखडू नका.

पोशाख, हस्तलिखित ओळी वगैरे लोक भराभर पाहतात. तुम्ही कंट्रोल रूममध्ये वेळ काढा. तिथल्या मिक्सिंग डेस्कवर फेडर, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या, स्वतः हलवता येतात. चूक सगळ्यांची एकच: सगळे फेडर एकदम वर. मग ऐकू येतो तो नुसता कल्ला. आधी सगळे खाली ओढा. एकटा गायकाचा आवाज वर घ्या, श्वास कुठे घेतलाय ते ऐका. मग ड्रम, मग बेस, गिटार सगळ्यात शेवटी. मे १९९१ मध्ये याच स्टुडिओत फ्रेडीने 'मदर लव्ह' गायलं, ड्रम मशीनच्या ठेक्यावर. शेवटचं कडवं राहिलं, ते पुढे क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने गायलं. घरून निघण्यापूर्वी ते गाणं हेडफोनवर नीट ऐकून ठेवा, नाहीतर ही खोली म्हणजे नुसती बटणं. मागे रांग असली की कोणी निवांत ऐकू देत नाही, म्हणून शनिवार-रविवार टाळा.

एवढा खर्च झेपत नसेल तर पाचगणी आहेच. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फ्रेडी शिकला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. पण ती चालू निवासी शाळा आहे, पर्यटनस्थळ नव्हे. फाटकावर रखवालदाराशी हुज्जत घालू नका; आधी शाळेला लिहून विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी पसरणी घाट सकाळी लवकर चढा, उशीर केलात तर वाईपासूनच गाड्यांच्या मागे रांगत जाल.