तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा पुतळा उभा राहतो कसा?

लग्नात विचारतात, सोसायटीच्या गच्चीवर विचारतात, परवा तर दादरच्या पुलावर गर्दीत भेटलेल्या मावशीने हात धरून विचारलं, "अगं, तू त्या पुतळ्यांचंच बघतेस ना, मग एवढं जड धूड दोन पायांवर उभं कसं राहतं गं?" मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024ला कोसळला तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात खरी काळजी असते. म्हणून एकदा नीट लिहिते.

जड असणं हा मोठा प्रॉब्लेम नाहीच. वजन सरळ खाली जातं, ते स्टील आणि काँक्रीट आरामात पेलतात. छळतो तो वारा. जुलैत मरीन ड्राइव्हला छत्री उघडून उभे राहा, छत्री केवढी हलकी, पण दुखतं कुठे तर मनगटात, कारण वारा कापडावर आणि दांडा लांब, सगळा जोर मुठीपाशी येऊन वाकवतो. पुतळ्याचं मनगट म्हणजे घोटा. पुतळा आतून पोकळ असतो, बाहेर ब्राँझचं काही मिलिमीटरचं कातडं आणि आत स्टीलचा सांगाडा, तो सांगाडा घोट्यातून खाली उतरून फाउंडेशनच्या बोल्टांना धरतो, आणि नेमका घोटाच शिल्पकाराला नाजूक हवा असतो!

आकडे सांगते. आपल्या आयएस कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांप्रमाणे, मुंबईसाठी वाऱ्याचा बेसिक वेग 44 मीटर पर सेकंद, म्हणजे ताशी साधारण 158 किलोमीटर, रोज असा वारा नसतो पण हिशोब त्याचाच करायचा. त्या वेगाला एका चौरस मीटरवर जवळपास 118 किलोचा दाब येतो. समोरून 10 चौरस मीटर दिसणारं शिल्प असेल तर सव्वा टनाच्या आसपास जोर आडवा ढकलतोय, आणि आकाराप्रमाणे तो आणखी वाढतो. उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट, वरून दांडाही दुप्पट, म्हणजे घोट्याला वाकवणारा जोर आठपट. म्हणून छोट्या मॉडेलमध्ये चालली ती पाइप एक साइज वाढवून मोठ्यात टाकली असं करून चालत नाही, आणि हे मी दर वेळी भांडून सांगते. (मंडळाच्या गणपतीचं वेगळं, त्याला मांडव वाऱ्यापासून सांभाळतो.)

इंग्लंडात गेट्सहेडला 'एंजल ऑफ द नॉर्थ' आहे, 1998चं, अँटनी गॉर्मली यांचं. उंची 20 मीटर पण पंख 54 मीटर, आणि तेही उघड्या टेकडीवर, ताशी 160 किलोमीटरचा वारा धरून डिझाइन केलेलं, म्हणजे आपल्या मुंबईएवढाच की. शिल्पाचं वजन 200 टन आणि त्याला जमिनीत धरून ठेवणारं काँक्रीट 600 टन. लोक पंखांचा फोटो काढतात, माझा जीव त्या 600 टनांत अडकतो.

वाऱ्यानंतर गंज. न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा सांगाडा गुस्ताव्ह आयफेल यांचा, वरचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर. लोखंडाच्या पट्ट्या आणि तांबं यांच्यामध्ये इन्सुलेशन घातलं होतं, ते झिजलं, आणि खारट दमट हवेत दोन धातू भिडले की एक दुसऱ्याला खातो, तसं तांब्याने लोखंड खाल्लं. शेवटी 1980च्या दशकात पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या केल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं. आपली हवा तर बारा महिने खारट.

माझ्याच हातचं एक काम सांगते. उपनगरातल्या एका बागेत धातूचा मोठा पक्षी होता, पायाशी पाणी निचरायला बोटभर भोक ठेवलं होतं. रंगकाम करताना कुणीतरी ते दिसायला बरं नाही म्हणून पुट्टीने बुजवलं. दोन पावसाळ्यांनंतर मी गेले, पाय ठोकला तर बद्द आवाज. भोक मोकळं केलं तेव्हा तांबडं पाणी मिनिटभर वाहत होतं, आतून प्लेट सोलवटलेली, बोल्टच्या मुळाशी गंजाचे पापुद्रे. बाहेरून रंग अगदी नवा! पक्षी उतरवला, पाय नवीन केला, परत चढवला.

तेव्हापासून मे संपता संपता मी तारेचा तुकडा घेऊन तिथे जाते आणि भोकात घालून बघते. बागेतला माळी आता ओळखतो, लांबूनच हात करून सांगतो, "मॅडम, मोकळं आहे, मी बघितलं." तरी वाकून बघतेच.