गच्चीपुरता आवाज

उकुलेले, म्हणजे गिटारची चिमुकली बहीण, हे चार माणसांत वाजवायचं वाद्य आहे. पाचवा आला तर त्याला जरा पुढे सरकून बसावं लागतं, आणि सहाव्याने वेफर्सचं पाकीट फोडलं की मैफल आटोपली. त्यात आपण राहतो मुंबईत. डोक्यावर पंखा, खाली रिव्हर्स घेताना गाणं म्हणणारी कुणाची तरी गाडी, समोर रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग. नायलॉनच्या चार तारांनी या गलक्यात तोंड उघडायचं कधी?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी आम्ही जे करतो त्याला मैफल म्हणणं धाडसाचंच. दोन गिटार, एक काहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं), कधी मूड लागला तर दुसऱ्या मजल्यावरचे काका तबला घेऊन येतात, आणि मी. गिटारवाली पोरं दांडग्या हाताची. मी वाजवतेय हे लोकांना दिसायचं, ऐकू यायचं नाही. म्हणून छोटा अँप, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, घ्यायचं ठरवलं. सेलवर चालणारा हवा, कारण गच्चीवर एकच प्लग आहे, तो पाण्याच्या पंपाचा, आणि त्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

धोबी तलावाला वाद्यांच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘किती वॅटचा देऊ, ताई?’’ या शहरात आवाज वॅटमध्येच मोजतात. गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत बघत वाढलेल्या पोरांना पाच वॅट म्हणजे चेष्टा वाटते. पण कानाचा हिशेब निराळा असतो. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबलने. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे पाचाचे पन्नास केले तर आवाज दुप्पट, आणि वजन व किंमत मात्र खांद्याला आणि खिशाला लगेच कळेल इतकी. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल आपसूक गळतात. तेव्हा वॅट विचारण्याआधी अंतर विचारावं, असं माझं मत झालं. माझं अंतर सोपं होतं: टाकीपासून कठड्यापर्यंत. कठड्यापलीकडे गेलाच नाही आवाज, तर उत्तम.

हे निव्वळ सौजन्य नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते, आणि तो केवढा मोठा असला तर लागते, असं काही नियम म्हणत नाही. शिवाजी पार्क तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्रच ठरवलं. कट्ट्यावर बसून नुसतं उकुलेले वाजवा, कुणी वळूनसुद्धा बघणार नाही; त्याला जॅक, म्हणजे अँपच्या वायरीचं टोक, लावला की मामला बदलला. आपली गच्ची बरी.

पुढचा प्रश्न अँपच्या जातीचा. दुकानात हाताशी असतात ते बहुतेक इलेक्ट्रिक गिटारचे. रोलंड कंपनीचा मायक्रो क्यूब हा त्यातला जुना लाडका, उचलायला हलका, सेलवर चालणारा. पण असे अँप गिटारचा आवाज रंगवण्यासाठी केलेले असतात. थोडं करकरणं, थोडं फाटणं हा त्यांचा गुणच. उकुलेलेला हवा अकूस्टिक अँप, जो आपल्या पदरचं फार काही घालत नाही. रोलंडचाच मोबाइल एसी घ्या: पाच वॅट, चार इंची दोन स्पीकर, सहा पेन्सिल सेल, वजन अडीच किलोच्या आसपास. म्हणजे तुरीच्या डाळीच्या पिशवीइतकं, लोकलमध्ये मांडीवर सहज मावतं. त्याचा थोरला भाऊ एसी-३३ विजेवर तीस वॅट देतो, सेलवर वीस. मला थोरल्याचा मोह झाला होता, हे कबूल. तो दोन मिनिटं हातात धरून उभी राहिले आणि आमच्या लिफ्टची तब्येत आठवली. धाकट्याच्या जातीतला घेतला.

भाच्याचं म्हणणं होतं की घरात ब्लूटूथ स्पीकर आहे, तोच का नाही लावत, मावशी. लावून बघितला. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा मागे राहतो. गाणी ऐकताना कळतही नाही. वाजवताना मात्र आपण छेडलेली तार आपल्यानंतर वाजते, आणि कुणीतरी आपली नक्कल करतंय असं वाटून हात अडखळतो. वायरीला पर्याय नाही.

वायर मात्र उकुलेलेच्या पोटातून यायला हवी. इथे या वाद्याचा इतिहास आडवा येतो. १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेरा बेटावरच्या पोर्तुगीज मजुरांना घेऊन होनोलुलूला लागलं. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या मशेत वाद्यापासून त्यांच्यातल्याच सुतारांनी तिथे उकुलेले घडवलं. पुढे त्याच हवाईची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार विजेवर गेली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ती हवाईयन ढंगाचीच. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिपले यांनी ती कशी रडवली-हसवली ते आपल्या आधीच्या पिढीने रेडिओवर ऐकलंय. तिच्या तारा पोलादी, त्यामुळे लोहचुंबकाच्या पिकअपला, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाला, त्या कळतात. उकुलेलेच्या तारा आधी आतड्याच्या, नंतर नायलॉनच्या. चुंबकाला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. बिचारं विजेच्या शर्यतीत बरंच मागे राहिलं.

त्यावरचा इलाज म्हणजे पिझो. तारा जिथे खोक्यावर टेकतात त्या ब्रिजच्या सॅडलखाली एक पातळ पट्टी बसवतात. तारांच्या थरथरीचा दाब पडला की तिच्यात वीज तयार होते, अगदी नाजूक. ही पट्टी नुसतीच अँपला जोडली आणि अँपचा इनपुट तिच्या स्वभावाचा नसला, तर खालचे सूर गायब होतात आणि उरतो तो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. म्हणून ज्या उकुलेलेत प्रीअँप, म्हणजे ही नाजूक वीज अँपजोगी करून देणारा छोटा भाग, आधीच बसवलेला आहे ते घ्यावं. त्यात सेल असतो, आणि बऱ्याच वाद्यांत जॅक खोचणं म्हणजेच बटण चालू करणं. वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवून गप्पा मारत बसलात की सेल गप्पांवर खर्च होतो. केबलसाठी मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाते. तिथे कुणी ‘कशासाठी’ विचारत नाही, ‘किती फूट’ एवढंच विचारतात. दहा फूट पुरे.

खरी गंमत नॉब फिरवण्यात. आधी व्हॉल्यूम शून्यावर, मग जॅक, नाहीतर ‘धाड’ होतं आणि टाकीवरची कबुतरं उडतात. मग सगळे नॉब मध्यावर ठेवून वाजवत बसायचं आणि कुणीतरी लांबून ऐकायचं. आपण अँपच्या मागे असतो, आपल्याला ऐकू येतं ते खोटं. नेहमीच्या जुळवणीत उकुलेलेचा सर्वांत खालचा सूर मध्य सप्तकातला सी, सुमारे २६२ हर्ट्झ. त्याच्याखाली वाद्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तिथे असतात ते हात घासल्याचे, बांगडी आपटल्याचे, अंगठा खोक्यावर टेकल्याचे आवाज. म्हणून बेस बराच खाली. यावर आमच्या गिटारवाल्याचा जीव तुटतो. त्याला बेसशिवाय जगणं मान्य नाही. ट्रेबलही, म्हणजे वरचे सूर, जपून, कारण पिझोची ती टकटक, नखाने प्लास्टिक खरवडल्यासारखी, वरच्या पट्टीत बसलेली असते. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चिमूटभर. उघड्या गच्चीवर आवाज परतून यायला भिंतीच नसतात, म्हणून थोडा लागतो. घरात टाइल्स ते काम फुकटात करतात.

जागेचंही तसंच आहे. अँप जमिनीवर ठेवला तर तो श्रोत्यांच्या पोटऱ्यांना ऐकवतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला की कानाच्या उंचीवर येतो. कोपऱ्यात सरकवला की बेस फुगतो. आणि उकुलेलेचं पोकळ पोट अँपच्या समोर आलं की कुई सुरू: अँपचा आवाज लाकडाला हलवतो, लाकूड पिकअपला, पिकअप पुन्हा अँपला, आणि तिघं मिळून आपल्याला. अँप पुढे आणि आपण बाजूला मागे, तोंड त्याच्यापासून फिरवून, एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. काही अँपवर फेज बदलायचं, म्हणजे ध्वनिलहर उलटी करून कुई मोडायचं, बटण असतं, तेही दाबून बघावं.

जूनपासून सगळं पुन्हा बदलतं. मैफल गच्चीवरून जिन्याखालच्या मोकळ्या जागेत येते, हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं, सुरात लावलेल्या तारा चहा होईपर्यंत उतरतात, आणि जिन्याचा घुमारा इतका की रिव्हर्ब शून्यावर न्यावा लागतो. मला खरं तर तोच आवाज जास्त आवडतो. वॉचमनलाही.

अँपला माइकचा एक जादा इनपुट आहे ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. संक्रांतीच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या. ‘‘तुझ्या त्या डबीला माइक लागतो ना गं? हळदीकुंकवाला नाव घेताना मागच्यांना ऐकूच येत नाही.’’ नेऊन दिला, बेस आणखी खाली केला, व्हॉल्यूमला हात लावू नका म्हणून बजावलं. सगळ्या मजल्यांवरच्या नवऱ्यांची नावं त्या चार इंची स्पीकरांतून स्वच्छ ऐकू आली. परत देताना काकू म्हणाल्या, ‘‘चांगलाय, पण पुढच्या वेळी इको जास्त ठेव.’’ सेल मात्र संपवूनच दिला.