कारूतली सामाईक विहीर

केप टाऊनहून सदरलँड साधारण 370 किलोमीटर. मायकीसफोंटेनला हायवे सोडला की पुढे शंभरेक किलोमीटर नुसतं कारूचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या पठाराचं, माळरान, झाड दिसलं तर कौतुकानं बघावं असं. गावाबाहेरच्या डोंगरावर, जवळपास 1,800 मीटर उंचीवर 'सॉल्ट' दुर्बीण आहे. तिच्यात पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेचा वाटा. त्यामुळे मी उगाच मालकाच्या तोऱ्यात होतो.

काचेपलीकडचा आरसा पाहून तोरा उतरला. मीटर-मीटरचे 91 षटकोनी तुकडे पोळ्यासारखे मांडलेले. मिळून सुमारे 11 बाय 10 मीटर. वरच्या लोखंडी सांगाड्याचं प्रतिबिंब त्यात असं फुटलेलं, की एखादी नळी कुठून निघाली नि कुठे गेली, पत्ता लागेना.

हा आरसा वर-खाली होत नाही, कायम एकाच कोनात कललेला. अख्खा डोलारा हवेच्या गाद्यांवर उचलून गोल फिरवतात, आणि तारा सरकेल तसं आरशाचा प्रकाश टिपणारं वरचं यंत्र सरकतं. आकाशाचा बराच भाग हातचा जातो, पण खर्चही उतरतो. म्हणून तर अमेरिकेतली विस्कॉन्सिन, रटगर्स, डार्टमथ आणि ब्रिटनमधली काही विद्यापीठं यांना भागीदारी झेपली. सगळ्यात मोठा वाटा अर्थात दक्षिण आफ्रिकेचा. 2005 साली उद्घाटन झालं.

"मग आज रात्रीची पाळी कोणाची?" मी गाइडला विचारलं. डोक्यात आमची गावची विहीर. सातबाऱ्यावर चार आणे हिस्सा, आणि मोटर कोणी तासभर जास्त चालवली यावरून भावकीत तीन पिढ्यांचा अबोला.

तो हसला. इथे पाळीच नसते. मालक फिरकतसुद्धा नाहीत! ते घरून प्रस्ताव पाठवतात. ज्याच्या-त्याच्या समित्या आपापल्या वाट्याचे तास वाटतात. रात्री इथला खगोलशास्त्रज्ञ चंद्र, ढग, हवेची थरथर बघून जे जमेल ते काम काढतो, आणि तेवढा वेळ त्या भागीदाराच्या खात्यातून वजा. आयुकामार्फत आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठातले प्राध्यापकही यात येतात, सदरलँडची थंडी न खाता.

"आणि निरीक्षण फसलं तर?"

"तर वजा नाही."

हे आमच्या भावकीला पटलं नसतं.

रात्री आम्हा पाहुण्यांसाठी खाली छोट्या दुर्बिणी. एप्रिल होता, मृग पश्चिमेकडे उलटा टांगलेला, अगस्त्य चांगलाच वर, त्रिशंकू चढत होता. डोंगरावर सॉल्टचा घुमट नुसता काळा आकार. आत कोणाचा तास चालू होता, कळायला काही मार्ग नव्हता.