मानकापूरच्या ट्रॅकवरचे 57.3

मी अठरा वर्षं मैदानी स्पर्धांत पंच आहे. एंट्रीच्या टेबलावर बसलं की काम एकच, जन्मदाखला नि आधार जुळवून वय चोरलेली पोरं शोधायची. त्यांची मला कधीच दया आलेली नाही.

त्या सकाळी नागपुरातल्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात महिलांच्या 400 मीटरसाठी एक फॉर्म आला. सोबत 2019च्या कायद्याखालचं तृतीयपंथी ओळखपत्र, जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं. वर पाहिलं आणि ओळखलं. सहा वर्षांपूर्वी, सतरा वर्षांची असताना, ती मुलांत धावली होती. फिनिशला घड्याळ माझ्याच हातात होतं. 51.8 सेकंद. शेवटच्या शंभरात सगळ्यांचे खांदे कानाकडे चढतात, तिचे चढले नव्हते. म्हणून लक्षात राहिली.

"सर, पोरांमंधी टाकू नका मले. कॉल रूममंधी पोरं शर्ट बदलतात, मी कुठं उभी राहू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम होता. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या ट्रान्स स्त्रियांना वर्ल्ड ॲथलेटिक्स या मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेनं 31 मार्च 2023 पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गट बंद केला आहे. आमची जिल्हा स्पर्धा त्या क्रमवारीत नाही, पण इथून पहिल्या दोघी राज्याला जातात आणि तो जिना तिकडेच चढतो. नियम मला पटतो. वाढीच्या वयात लांबलेली हाडं औषधानं आखूड होत नाहीत. अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींवरच्या अभ्यासात दोन वर्षं हार्मोन घेतल्यावरही ट्रान्स स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा 12 टक्के वेगानं धावत होत्या. आणि रांगेत तिच्या मागे उमरेडहून पहिल्या एसटीनं आलेली मुलगी उभी होती. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू कोट्यावर तिच्या घरादाराचा डोळा आहे.

आयोजकांतला एक जण कानाशी येऊन म्हणाला, "फॉर्म हरवला म्हणून सांगून द्या." त्याची चीड अजून गेलेली नाही. नाही म्हणायचं तर तोंडावर, कारण सांगून म्हणावं. मी तसं सांगितलं. ती भांडली नाही. "मंग टाइम तरी घ्या," म्हणाली.

घेतला. सगळ्या शर्यती आटोपल्यावर, चौथ्या लेनमध्ये, एकटीचा. दोन टाइमकीपर मी थांबवून घेतले. हातघड्याळाची वेळ म्हणजे अंदाजपंचे, असं लोकांना वाटतं. तसं नाही. बटण आवाजावर नाही, पिस्तुलाच्या धुरावर दाबायचं. फिनिशला डोकं नि हात धरायचे नाहीत, धड रेषेवर आलं की थांबवायचं. तीन घड्याळांतली मधली वेळ घ्यायची आणि शतांश पुढच्या दशांशात चढवायचे. 57.21, 57.26, 57.34. म्हणजे 57.3. खांदे तसेच, खाली.

महिलांची शर्यत 60.4 ला जिंकली गेली होती. उमरेडची मुलगी दुसरी आली होती. ती रेलिंगला टेकून हे सगळं बघत होती, एक शब्द बोलली नाही.

रात्री घरी हिशेब मांडला. 400 मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम 43.03, महिलांचा 47.60. फरक 10.6 टक्के. तिची जुनी वेळ 51.8, आताची 57.3. फरक 10.6 टक्के. परत मांडला, तेवढाच. बाई आणि पुरुष यांच्यात जेवढं अंतर, नेमकी तेवढीच ती मागे आली होती. पण तिनं हार्मोनची औषधं घेतली ती तीन वर्षं, तीच सराव सुटल्याची तीन वर्षं. त्यातलं किती कशामुळे गेलं, हे एका धावेवरून कुणालाच सांगता यायचं नाही. उद्या ती रोज पहाटे मैदानावर यायला लागली तर? पुन्हा वेळ आली तर मी नियमच लावेन. पण ते आकडे डोक्यातून जात नाहीत.

त्या दिवशी मैदानावरून निघताना तिला कागद हवा होता. हीट शीटच्या पाठीवर मी वेळ लिहिली, खाली तिन्ही टाइमकीपरच्या सह्या. 'गट' लिहिला, त्यापुढे पेन थांबलं.

तिनं कागद हळूच ओढून घेतला. "राहू द्या सर. टाइम आहे न त्यावर."